अदृश्य शत्रू

१८६५ सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. ग्लासगो शहरात एका ११ वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचे चाक गेले. हाड मोडले, जखमही झाली. त्या काळी अशी जखम बहुधा चिघळे व पाय कापावा लागे. कित्येकदा प्राणही जाई. शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर यांनी मात्र कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी जखमेवर बांधली. जखम चिघळली नाही. सहा आठवड्यांत हाड सांधले. डोळ्यांना न दिसणारे जंतू जखम कुजवतात, हा पाश्चर यांच्या संशोधनावरून लिस्टर यांनी बांधलेला तर्क खरा ठरला.

रोगजंतू स्वयंपाकाचा ओटा, विळी, पोळपाट यांवरही असू शकतात. ओलावा व अन्नाचे कण मिळाले की ते झपाट्याने वाढतात. म्हणून ओटा आधी साबणाच्या पाण्याने घासावा; कारण मळाखाली दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोहोचत नाही. मग जंतुनाशक लावून थोडा वेळ तसेच राहू द्यावे व ओटा धुऊन कोरडा करावा. कळकट, ओलसर फडके जंतू पुसत नाही, पसरवते. ते रोज धुऊन उन्हात वाळवावे.

डोळ्यांना जे स्वच्छ दिसते, ते निर्जंतुक असतेच असे नाही, हे ज्या घराने ओळखले, त्या घरात रोगाला सहसा थारा मिळत नाही.