अक्षरांतील अंक आणि रायगडावरील शक

प्राचीन ग्रीक लोक आपल्या वर्णमालेंतील अक्षरांनींच अंक लिहीत. आल्फा म्हणजे १, बीटा म्हणजे २, आयोटा म्हणजे १०, ऱ्हो म्हणजे १००. त्यामुळें कोणत्याहि नांवाची बेरीज करतां येई. येशूच्या ग्रीक नांवांतील सहा अक्षरांचीं मूल्यें अनुक्रमें १०, ८, २००, ७०, ४०० व २०० असून त्यांची बेरीज ८८८ होते. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांतील एका भिंतीवर कोणीएकानें आपल्या प्रियेचें नांव न लिहितां केवळ तिचा अंक ५४५ लिहून ठेविला आहे. नांवावरून अंक काढणें सोपें. परंतु अंकावरून नांव निश्चित करणें कठीण, कारण एकच बेरीज अनेक नांवांची येऊं शकते.

आपल्याकडे अक्षरांप्रमाणेंच शब्दांनाहि अंकमूल्य देत. भूमि एकच, म्हणून ती १, वेद ४, मदनाचे बाण ५. हे शब्दांक मांडतांना पहिला शब्द एकंस्थानीं ठेवून डावीकडे जावयाचें असतें.

याचें उत्तम उदाहरण महाड व पोलादपूर येथील विद्यार्थ्यांच्या अगदीं जवळ आहे. रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिराच्या संस्कृत शिलालेखांत शक सांगतांना षट्, नव, बाण, भूमि हे शब्द योजिले आहेत. ते डावीकडून मांडल्यास ६९५१ हा अशक्य शक येतो. नियमाप्रमाणें मांडल्यास १५९६ येतो. त्यांत ७८ मिळवितां इ. स. १६७४, म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचें वर्ष मिळतें.

आपलें वाचन बरोबर कशावरून? लेखांत संवत्सराचें नांव 'आनंद' असें दिलें आहे. शकांत १२ मिळवून ६० नें भागावें. बाकी राहील तितक्यावा संवत्सर समजावा. १५९६ व १२ मिळून १६०८; बाकी ४८; आणि प्रभवापासून अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंदच होय.

नांवाच्या अक्षरांची बेरीज करून मुलांचें भविष्य सांगणारे लोक आजहि भेटतात. त्यांना आम्ही एवढेंच विचारूं, कीं या बेरजेचा ताळा कोठें आहे? शिलालेखाचा अंक दुसऱ्या पुराव्याशीं जुळतो, म्हणून तो ज्ञान ठरतो. ज्याला ताळाच नाहीं, त्यावर मुलाच्या शिक्षणाचा वा विवाहाचा निर्णय पालकांनीं सोंपवूं नये. विद्यार्थ्यांनीं मात्र पुढच्या खेपेस गडावर जातांना वही बरोबर न्यावी, आणि हा हिशेब त्या शिळेसमोर उभें राहून स्वतः करावा.