थोमा आठ दिवस कोठें होता?

वाचनाचा भाग: योहान 20:24–29

प्रभु उठला हें इतर शिष्यांनीं सांगितल्यावर थोमानें तें मान्य केलें नाहीं, एवढीच गोष्ट आपण बहुधा ध्यानांत ठेवितों. परंतु सव्विसावें वचन सावकाश वाचावें. आठ दिवसांनंतर शिष्य पुन्हां घरांत जमले तेव्हां थोमा त्यांच्याबरोबर होता. म्हणजे आठ दिवस त्यास विश्वास नव्हता, आणि तरीही कोणीं त्यास बाहेर घातलें नाहीं. तोही रुसून निघून गेला नाहीं.

आपल्या मंडळ्यांत असें घडतें काय? कोणी तरुण शहरांतून शिकून येतो व देव आहे कशावरून असें विचारतो, तोंच पंच त्यास पाखंडी ठरवितात. कोणा बाईचें लेंकरूं प्रार्थना चालू असतांच जातें, ती उपासनेस येईनाशी होते, आणि उपदेशक तिला थोमाच्या नांवानें बोल लावितो. या दोघांचा अविश्वास एक नव्हे. पहिल्याच्या बुद्धीस अडचण आहे, दुसरीच्या काळजास. तिसरा एक असतो. तो देवाला मुळींच नाकारीत नाहीं, पण वडीलमंडळींतील एखाद्याची सावकारी पाहून त्यानें मंदिराची पायरी सोडलेली असते. (अशांची संख्या आपण समजतों त्याहून मोठी आहे.) तिघांस एकच उपदेश करणें म्हणजे ताप, खोकला व मोडलेला हात यांस एकच काढा पाजणें होय.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, जो देवास मानीत नाहीं त्यास पापांत राहावयाचें असतें, म्हणूनच तो मानीत नाहीं. स्तोत्र 14 चा आधार ते देतात. कांहींच्या बाबतींत तें खरें असेल. पण आपल्या महाराष्ट्रांतील गोपाळ गणेश आगरकर (1856–1895) यांचें उदाहरण पाहा. कऱ्हाडजवळील टेंभू गांवीं जन्मलेले हे गृहस्थ अत्यंत गरिबींत शिकून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. मिल व स्पेन्सर यांचे ग्रंथ त्यांनीं अभ्यासिले, आणि ईश्वराविषयीं ते अज्ञेयवादी राहिले. म्हणजे देव आहे किंवा नाहीं हें मनुष्यास कळण्याजोगें नाहीं, असें त्यांचें मत होतें. तथापि बालविवाह व विधवांचें केशवपन यांविरुद्ध त्यांनीं 1888 पासून ‘सुधारक’ पत्रांत निर्भयपणें लिहिलें. विरोधकांनीं त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढिली, तरी ते मागें हटले नाहींत. अशा मनुष्यास दुराचारी म्हणणें ही खोटी साक्ष होय, आणि खोटी साक्ष देणाऱ्याच्या तोंडून सुवार्ता कोण ऐकेल?

आगरकर 1895 च्या जून महिन्यांत वारले. त्याच वर्षीं फेब्रुवारींत मुंबईस नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला होता. तेही ब्राह्मण कुळांतले, तेही विद्वान, तेही जुन्या रूढींविषयीं असमाधानी. आगगाडींत एका युरोपियन प्रवाशानें दिलेला नवा करार ते वाचूं लागले, आणि डोंगरावरील प्रवचनाशीं आल्यावर त्यांना तो खालीं ठेववेना. बुद्धीच्या कमीअधिकपणामुळें हे दोघे दोन बाजूंस गेले असें कोणास म्हणतां येणार नाहीं. आगरकर प्रमाण शोधीत होते. टिळकांचें मन ख्रिस्तानें ओढून घेतलें.

ग्रामवासी वाचकांस मात्र टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची हकीकत अधिक उपयोगाची वाटेल. देव आहे याविषयीं त्यांना शंका कधींच नव्हती. अडचण होती ती सोवळ्याची, आणि पतीच्या धर्मांतरानें झालेल्या दुःखाची. कांहीं वर्षें त्या दूर राहिल्या. परत आल्यावर त्यांचें स्वयंपाकपाणी निराळें होतें, आणि टिळकांनीं तें तसें चालूं दिलें. पुढें एकदां, जात देवानें केली कीं मनुष्यानें, हा विचार त्यांच्या मनांत आला. पशुपक्ष्यांत जसे भेद दिसतात तसे मनुष्यामनुष्यांत दिसत नाहींत, एवढ्यावरून त्यांनीं सोवळें सोडिलें. 1900 सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. मध्यें पांच वर्षें गेलीं! वादांत हरवून त्यांना कोणीं आणिलें नाहीं. हें त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकांत कोणीही वाचावें.

आणि आपण स्वतः विश्वास कां ठेवितों? नगर जिल्ह्यांतील आपल्या पुष्कळांचे पूर्वज 1876–78 व 1899–1900 च्या दुष्काळांनंतर मंडळींत आले. धान्य, शाळा, माणुसकीची वागणूक, हीं कारणें त्यांत होतीं. तें सांगण्यांत लाज कसली? मार्क 9:24 मधील बापाच्या एकाच वाक्यांत विश्वास व अविश्वास दोन्ही होते, तरी प्रभूनें त्याच्या मुलास बरें केलें.

येत्या रविवारीं शिक्षकबंधूंनीं वर्गांत प्रत्येकास, तूं विश्वास कां ठेवितोस, असें विचारावें. आईबाप मानीत होते म्हणून, हें उत्तरही घ्यावें. कोणी म्हणाला कीं मला अजून पटत नाहीं, तर लगेच वचनें काढूं नयेत. काय झालें तें त्यास विचारावें, आणि त्याच्या पुढल्या रविवारीं त्याची जागा राखून ठेवावी.