आधी त्याची वही वाचा

पालकहो, संध्याकाळी साडेसातचा सुमार. कुकरच्या शिट्ट्या होताहेत, वही उघडी आहे आणि लेकरू एकाच ओळीपाशी अर्धा तास अडून बसलंय. ‘लक्ष कुठंय तुझं?’ हे वाक्य तेव्हा तोंडून निघून जातं. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांना मी इतकी वर्षं शिकवते आहे. हे वाक्य मला किती आयांनी डोळे पुसत सांगितलंय! आज तुमच्याशी बोलायचंय ते त्या उघड्या वहीबद्दल.

त्या वहीतल्या चुका मोजू नका, वाचा. चौथीतल्या एका मुलाच्या वहीत ‘घर’चं ‘धर’ झालं होतं, ‘भात’चा ‘मात’, ‘थवा’चा ‘यवा’. ‘किती’मधली पहिली वेलांटी क सोडून त वर जाऊन बसलेली. मूल आळस करतं तेव्हा चुका कुठंही पडतात. इथं मात्र त्या रोज त्याच जागी पडत होत्या. पहिल्या वेलांटीचंच बघा ना. ‘कि’ म्हणताना आधी क ऐकू येतो, मग इ. कागदावर मात्र वेलांटी क च्या आधी उभी. आपल्या हाताला ते वळण कधी पडलं हेसुद्धा आपल्याला आठवत नाही. ज्या मुलाला आवाज आणि अक्षर यांची सांगड घालायला वेळ लागतो, त्याला दर शब्दापाशी नव्यानं झगडावं लागतं. सहाव्या ओळीपर्यंत ते थकून जातं, आणि आपण म्हणतो, टंगळमंगळ करतोय.

अंकांचंही तसंच. ‘सत्तावीस’ ऐकून मूल ७२ लिहितं, कारण त्याला सात आधी ऐकू आलेत. ‘एकोणतीस’ला ३९ लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकरांच्या समितीनं मुलांची अडचण ओळखली होती. भाषेची काळजी मलाही आहे; पण ७२ लिहिलं म्हणून धपाटे खाल्लेली मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे माझं मत समितीच्या बाजूचं.

मग करायचं काय? महिनाभराच्या वह्या घेऊन बसा आणि परत परत येणाऱ्या चुका एका कागदावर उतरवा. तो कागद घेऊन वर्गशिक्षिकांना भेटा. ‘अभ्यास करत नाही’ या तक्रारीवर बोलणं लगेच संपतं, कागद समोर असला की बाईही वाकून बघतात. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. फळा नीट दिसत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. त्यानंतरही अडत असेल, तर मोठ्या सरकारी रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या होतात. बुद्ध्यांक, वाचन, लेखन, गणित असं एकेक तपासतात. खेपा घालाव्या लागतात, धीर धरा. मूल ८ वर्षांचं होण्याआधी प्रमाणपत्र मिळत नाही, पण मदत सुरू करायला प्रमाणपत्र कशाला हवं? ती पहिलीपासूनच करता येते.

‘शिक्का बसेल हो,’ असं कुजबुजत सांगणारे बाबा मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी विचारते, ‘ढ’ हा शिक्का वर्गात बसलेला नाही का? त्यापेक्षा कायद्यातलं नाव बरं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यात आहे. त्या प्रमाणपत्रावर परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. यात मेहेरबानी कुणाची नाही. फक्त लेखनिक घेणार असाल तर घरी सराव करून घ्या. मनातलं उत्तर दुसऱ्याच्या हातून उतरवून घेणं सोपं नसतं.

त्या चौथीतल्या मुलाची इतिहासाची वही जवळजवळ कोरी होती. चौथीचा इतिहास म्हणजे शिवराय, आणि त्याची वही कोरी! शेवटी मी त्याच्या बाईंना गळ घातली, एकदा तोंडी विचारून बघा. मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला प्रतापगडाच्या पायथ्याची भेट सांगायला सांगितली. आई बाहेर पायरीवर बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. आत तो आधी पुटपुटत होता. मग शामियाना उभा राहिला, अंगरख्याखालचं चिलखत आलं, वाघनखं आली, खानाची मिठी आली. आवाज चढत गेला. बाईंनी मध्येच काही विचारलं तर म्हणाला, ‘थांबा बाई, अजून सय्यद बंडा यायचाय.’ जिवा महालाचा वार पडला तेव्हा आई दाराशी येऊन उभी होती, आणि पिशवीतली मेथी पायरीवर सांडलेली होती.