लायसन्स बोर्डांचे ऑडिट

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत कुणी डॉक्टर, डेंटिस्ट, फार्मसिस्ट नाहीतर नर्स आहे. कॅलिफोर्नियात या सर्वांचे लायसन्स राज्याच्या कुठल्या ना कुठल्या बोर्डाच्या हाती असते आणि रुग्णाने तक्रार केली की चौकशीही तेच बोर्ड करते. चौकशी करणाऱ्याचे पैसे समोरच्याच दवाखान्यात गुंतलेले असले तर?

हे टाळण्यासाठी निर्णयाच्या जागेवरील सभासदांना व कर्मचाऱ्यांना आपली गुंतवणूक, मिळकत, भेटी 'फॉर्म ७००' वर जाहीर कराव्या लागतात. शिवाय हा फॉर्म भरणाऱ्यांना नीतिनियमांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. पहिले नेमणुकीपासून सहा महिन्यांत, पुढे दर दोन वर्षांच्या कालखंडात एकदा.

ते खरोखर होते का, हे स्टेट पर्सोनेल बोर्ड तपासते. मी स्वतः ऑडिटर, त्यामुळे हे अहवाल हौसेने वाचतो. (घरचे हसतात!) पद्धत सरळ आहे. एकीकडे फॉर्म भरणाऱ्यांची यादी, दुसरीकडे प्रशिक्षणाच्या तारखा. समजा, नेमणूक १० मार्चची आणि प्रमाणपत्र २ ऑक्टोबरचे. मुदत १० सप्टेंबरला संपली, म्हणजे प्रशिक्षण होऊनही नियम मोडलाच. दोष आढळला की सुधारणा कशी करणार हे बोर्डाने ९० दिवसांत लेखी कळवायचे असते.

वाचणारे बहुधा किती जण चुकले तेवढेच बघतात. मी आधी यादीकडे बघतो. नव्या तपास अधिकाऱ्याचे नाव फॉर्म भरणाऱ्यांच्या यादीत घालायचेच राहिले, तर तो उशीर करणाऱ्यांत कधीच मोजला जाणार नाही आणि अहवाल मात्र स्वच्छ निघेल. मग मागचा अहवाल काढतो. एकदा चूक समजू शकते, पण तोच दोष पुन्हा आला तर तारखांवर लक्ष ठेवणारे कुणी नाही असे मी धरतो.

हे अहवाल कुणालाही वाचता येतात. प्रशिक्षणाला कोण, कुठल्या हुद्द्याचा, कधी बसला याची नोंद प्रत्येक खात्याने निदान पाच वर्षे ठेवायची असते. ती सार्वजनिक असल्याने पत्र पाठवून प्रत मागता येते.

आता थोडे सावधगिरीचे. प्रशिक्षण घेतलेला माणूस निःपक्षपाती असतोच असे नाही. आणि कुणाचे प्रशिक्षण चुकले म्हणून तुमच्यावरची तक्रार आपोआप रद्द होईल, या भरवशावर राहू नका. बोर्डाचे पत्र आले तर उत्तराची मुदत पाहून आधी लायसन्सची प्रकरणे चालवणारा वकील गाठा. अधिकाऱ्याचे हितसंबंध गुंतल्याची शंका असेल तर त्याचा फॉर्म ७०० मागवा. तोही सार्वजनिकच आहे, आणि अशा वेळी प्रशिक्षणाच्या तारखेपेक्षा तो जास्त कामाचा.