जुन्या पद्मिनीतील पेट्रोलचा वास

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी काही दुकानदार बंधूंनी अजून जपली आहे. तिच्यात पेट्रोलचा वास आला की काचा उघडून चालवणे धोक्याचे. मागे कापडाचे तागे असतील तर माल वास धरतोच, शिवाय आगीला सरपण तयार.

कार्बोरेटर उतरवण्याचा खर्च करण्याआधी वास केव्हा येतो ते पाहा. तपास उघड्यावर, गाडी थंड असताना करावा; काडी-बिडी वर्ज्य. टाकी भरल्यावरच वास येत असेल तर झाकणाचा वायसर किंवा पेट्रोल भरण्याच्या तोंडाची रबरी नळी पाहावी. टाकीकडचे सांधे पुसून त्यांना रात्रभर पांढरी सुती पट्टी गुंडाळावी. सकाळी हुंगली की चोर सापडतो. नायलॉनची पट्टी नको, ती शोषत नाही.

गरम गाडी थांबवल्यावर वास येत असेल तर बॉनेटखाली दोष. कार्बोरेटरची फ्लोट-सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल वर चढून सांडते. पंपाचा डायफ्राम फाटला तर पेट्रोल ऑइलातही उतरते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले, पेट्रोलचा वास आला, तर इंजिन चालू करू नये.

२०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. जुन्या रबराला ते मानवत नाही. ऑपेरा हाऊसकडच्या सुट्या भागांच्या दुकानात इथेनॉलला टिकणारी नळीच मागावी, आणि एक फुटली तरी सगळ्या बदलाव्यात.