तपकिरी पाकीट आधी उघडा

मांजरी-हडपसर भागातून इंग्लंडला येणाऱ्या पोरापोरींसाठी इथल्या जुन्या घरांनी लिहिलेल्या टिपणांपैकी हा लायसन्सचा भाग. नियम इंग्लंड-वेल्सचे आहेत. स्कॉटलंडची कोर्टं वेगळी. पार्किंगच्या दंडावर कुणी लिहून दिलं नाही.

स्विंडनहून

पुण्यात ई-चलन मोबाईलवर येतं आणि आपण लोकअदालतीची वाट बघत बसतो. तीच सवय मला नडली. घर बदललं तेव्हा लायसन्सवरचा पत्ता बदलला, गाडीच्या नोंदणीवरचा राहिला. हे दोन्ही वेगवेगळे बदलावे लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वेगाच्या कॅमेऱ्याची नोटीस, गाडी कोण चालवत होतं ते विचारणारा फॉर्म, कोर्टाचं पत्र, सगळी तपकिरी पाकिटं जुन्या घरी गेली. माझ्या हातात पडलं ते थेट लायसन्स रद्द झाल्याचं पत्र. चालकाचं नाव कळवलं नाही म्हणून लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट. पहिली टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ६ पॉइंट झाले की लायसन्स जातं आणि थिअरी, ड्रायव्हिंग दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. बायकोला सातवा महिना होता.

तीन दिवस फोन लावले. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. शेवटी सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला केंद्रातल्या बाईंनी रस्ता दाखवला: स्टॅट्युटरी डिक्लरेशन. खटल्याची मला माहितीच नव्हती, असं शपथेवर सांगायचं, आणि तेही कळल्यापासून २१ दिवसांत. मी अठराव्या दिवशी उभा राहिलो. कोर्टातल्या बाईंनी कपाटातून कापडात गुंडाळलेली गीता काढून दिली. हात लावला आणि गळा दाटून आला. शिक्षा रद्द झाली, खटला पहिल्यापासून सुरू झाला. वेगाचा गुन्हा मी कबूल केला, कारण तो माझाच होता. नाव न कळवल्याचा आरोप सरकारी वकिलाने मागे घेतला. ३ पॉइंटवर निभावलं.

लेस्टरहून

मुद्द्याचं तेवढं लिहितो. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं. त्यानंतर गाडी चालवली तर विमाही अडचणीत येतो, आणि विना विमा म्हणजे ६ ते ८ पॉइंट.

नाव विचारणाऱ्या फॉर्मला २८ दिवसांत उत्तर द्या. कोर्टाच्या कागदावर गुन्हा कबूल की नाकबूल, ते २१ दिवसांत कळवा. मॅजिस्ट्रेटचा निकाल पटला नाही तर शिक्षेपासून कामाच्या १५ दिवसांत क्राउन कोर्टात अपील करता येतं. बंदीला तोवर स्थगिती हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. आपोआप मिळत नाही.

तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की किमान सहा महिने बंदी. ती टाळायची तर असामान्य हालअपेष्टा होतील हे सिद्ध करावं लागतं. 'मला ऑफिसला जायला त्रास होईल' एवढ्याने भागत नाही. नोकरी जाईल असं मालकाचं पत्र, आजारी आईवडिलांचे दवाखान्याचे कागद असं काही हातात हवं. एकदा सांगितलेलं कारण पुढची तीन वर्षं पुन्हा चालत नाही.

नुसत्या दंडाच्या गुन्ह्यांना सरकारी खर्चाने वकील सहसा मिळत नाही. आधी गाडीच्या किंवा घराच्या विम्यात कायदेशीर खर्चाचं कव्हर आहे का बघा. वकिलाचं नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या यादीत तपासा आणि एकूण फी लेखी घ्या. बंदी असताना गाडीला हात लावू नका. त्याला कैद होऊ शकते.

हाउन्स्लोहून

मी फक्त एकच सांगेन. 'पॉइंट वहिनीच्या नावावर टाक, तिचं लायसन्स कोरं आहे' हा सल्ला आपल्याच माणसांकडून मिळतो, मायेने मिळतो. ऐकू नका. ब्रिटनचे मंत्री राहिलेले क्रिस ह्यून यांचे २००३ मधल्या वेगाचे पॉइंट पत्नी व्हिकी प्राइस यांनी स्वतःवर घेतले होते. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांनाही ८-८ महिन्यांची कैद झाली. मुलांना शनिवारी मराठी शाळेत नेतो, गणपतीत आरती पाठ करायला लावतो, आणि घरात खोटी सही करायची?

कोर्टाचं नाव काढलं की आपल्याकडे चार लोकांपासून लपवतात. त्यातच दिवस निघून जातात. पाकीट घेऊन रविवारी आमच्याकडे या. आधी पोहे खा, मग तारखा मांडून बघू.