संगणकाचा पडदा : महाग घ्यावा की स्वस्त?

गोव्यातील ग्रामपंचायतीत, प्राथमिक शाळेत किंवा ग्रामीण वाचनालयात संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. घरपट्टीची पावती, ग्रामसभेचा ठराव, परीक्षेची प्रश्नपत्रिका, पुस्तकांची सूची ही सारी कामे त्यावरच होतात. संगणक घेताना यंत्राचा वेग आणि स्मरणक्षमता यांची चौकशी कसोशीने केली जाते. परंतु ज्या पडद्याकडे कर्मचाऱ्याला दिवसाचे सात-आठ तास पाहावयाचे असते, त्या मॉनिटरची निवड बहुधा केवळ किमतीवर सोपविली जाते. बाजारात दहा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारे मॉनिटर आहेत, तसेच तीस-चाळीस हजारांचेही आहेत. हे अंतर कशाचे आहे आणि ते सार्वजनिक पैशातून भरावे काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

अक्षरे कशाची बनतात?

पडद्यावरील प्रत्येक अक्षर प्रकाशाच्या सूक्ष्म बिंदूंनी बनते. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. ‘फुल एचडी’ पडद्यावर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० असे एकूण २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. ‘फोर-के’ पडद्यावर त्यांची संख्या चौपट, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० असते.

पडद्याचा आकार कर्णावर मोजतात. २४ इंची पडद्याचा कर्ण सुमारे ६१ सेंटिमीटर भरतो. येथेच ग्राहकाची फसगत होण्याचा संभव असतो. फुल एचडीचे तेवढेच बिंदू २४ इंची पडद्यावर पसरले, तर दर इंचास सुमारे ९२ बिंदू येतात. २७ इंची पडद्यावर ते ८२ पर्यंत उतरतात. तेवढ्याच शेणात दुप्पट अंगण सारवावयास घेतले, तर सारवण विरळ होणारच. मोठा पडदा अधिक किमतीचा असूनही त्यावरील अक्षरांच्या कडा अधिक खडबडीत दिसतात, ते यामुळेच. २७ इंची पडदा घ्यावयाचाच असेल, तर तो निदान २५६० गुणिले १४४० बिंदूंचा असावा. त्यात दर इंचास सुमारे १०९ बिंदू मिळतात.

एका अनुस्वाराचे मोल

१९८७ च्या राजभाषा अधिनियमानुसार कोंकणी ही गोव्याची राजभाषा असून शासकीय कामकाजात मराठीचाही वापर करता येतो. या दोन्ही भाषांचे कागद देवनागरीत लिहिले जातात आणि देवनागरीला स्पष्ट पडद्याची गरज रोमन लिपीपेक्षा अधिक असते. शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरांची गुंफण. हे सारे थोड्याशा जागेत बसवावे लागते. ‘गावात’ आणि ‘गावांत’ या शब्दांत केवळ एका टिंबाचा फरक आहे. पण ठरावात त्या टिंबाने एका गावाची अनेक गावे होतात. बारीक टंकात १ आणि ९ यांची गल्लत झाली, तर घरपट्टीचा आकडाच बदलतो. म्हणून पडद्याची स्पष्टता ही चैन नसून कामाच्या अचूकतेचा भाग आहे.

अधिक पैसा कोठे जातो?

महाग मॉनिटरची किंमत अनेक गुणांची मिळून झालेली असते. त्यांतील काही गुण कार्यालयास निरुपयोगी ठरतात. चित्र सेकंदाला ६० ऐवजी १४४ वेळा नव्याने उमटणे खेळ खेळणाऱ्यास मोलाचे वाटेल. पावती लिहिणाऱ्यास त्याचा विशेष लाभ नाही. रंगांची काटेकोर अचूकता छायाचित्र व छपाई करणाऱ्यांना हवी असते. ‘ओलेड’ पडद्याचा काळा रंग अत्यंत गडद असतो. परंतु एकच पट्टी वर्षानुवर्षे त्याच जागी राहिल्यास तिचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका असतो. कार्यालयातील पडद्यावर तर तसेच घडते! फोर-के पडद्यावर अक्षरे मोठी करून घेतल्यास ती कोरीव दिसतात. मात्र जुन्या संगणकाला तेवढे बिंदू पेलतील काय, हे आधी पाहावे.

काटकसर कोठे करू नये?

पहिली बाब पडद्याच्या जातीची. ‘टीएन’ जातीचा पडदा स्वस्त असतो, पण बाजूने पाहिल्यास त्याचे रंग बदलतात व अक्षरे फिकट होतात. शाळेत एका संगणकाभोवती चार-पाच मुले बसतात. कडेच्या मुलालाही धडा नीट दिसावा, यासाठी ‘आयपीएस’ जातीचा पडदा घेणे इष्ट. दुसरी बाब बैठकीची. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, अन्यथा मान अवघडते. उंची कमीजास्त करता येणारी बैठक परवडत नसेल, तर भक्कम लाकडी पाट खाली ठेवूनही काम भागते. तिसरी बाब हमीची. हमी किती वर्षांची व दुरुस्तीची सोय किती अंतरावर, हे लेखी विचारावे. जुन्या संगणकाला केवळ व्हीजीए जोडणी असेल, तर नव्या मॉनिटरला ती आहे की नाही, हेही तपासावे.

मागणीपत्र लिहिताना

शासकीय खरेदीत सर्वसाधारणपणे अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते. म्हणजे खरा निर्णय दर उघडण्याच्या दिवशी होत नाही. तो अटी लिहिल्या जातात त्या दिवशीच झालेला असतो. ‘२७ इंची मॉनिटर’ एवढेच लिहिले, तर विरळ बिंदूंचा पडदा पुरविणाऱ्याला दोष देता येणार नाही. आकार, बिंदूंची संख्या, पडद्याची जात, बैठक, जोडणी आणि हमी या सहा गोष्टी मागणीपत्रात स्पष्ट असाव्यात. शक्य असल्यास मराठी मजकुराचे एक पान पडद्यावर उघडून हातभर अंतरावरून वाचून पाहावे.

सामान्य कार्यालयीन कामास २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पडदा पुरेसा आहे. दिवसभर टंकलेखन वा मुद्रितशोधन करणाऱ्यासाठी २७ इंची, २५६० गुणिले १४४० बिंदूंचा पडदा घेतल्यास तो खर्च वाया जात नाही. त्यापुढील रक्कम मोजण्यापूर्वी तो गुण कोणत्या कामी येणार, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर पैसा राखून ठेवावा. उत्तर मिळाले, तर मात्र हात आखडता घेऊ नये. पडद्यावर वाचलेले हजार रुपये कर्मचाऱ्याच्या डोळ्यांतून आणि नागरिकाच्या चुकलेल्या कागदातून वसूल होणार असतील, तर त्यास काटकसर म्हणता येणार नाही.